पीडीएफ नको, कागद पाठवा

काल रविवार. सकाळी उठून बघते तर दूध संपलेलं. जर्मनीत रविवारी दूध संपणं म्हणजे काय ते इथे राहिलेल्यांनाच कळेल. 1919 च्या वायमार राज्यघटनेतलं रविवारच्या विश्रांतीचं कलम आजही लागू आहे, त्यामुळे सुपरमार्केट बंद, उघडं काय तर स्टेशनवरचं दुकान नाहीतर पेट्रोल पंप. रिकाम्या बाटल्या देऊन 25-25 सेंट परत घ्यायचं मशीनपण सुपरमार्केटातच, मग बाल्कनीत बाटल्यांचा ढीग. भिंतीत ड्रिल मारायचं नाही हे तर आहेच, पण मी तर शेंगदाण्याचा कूट करायला मिक्सर लावते तेव्हाही खालच्या आजी येतायत का म्हणून एक कान दाराकडे असतो.

पण खरं सांगू का, याची सवय झाली. सहा वर्षं झाली मानहाइमला, आता शनिवारीच डबल दूध आणते (परवा विसरले, ते सोडा). सवय झाली नाही ती हाताशी मराठी काही वाचायला नसण्याची.

लगेच म्हणाल किंडल आहे, ऑडिओबुकं आहेत. आहेत की, वापरतेच. पण तिथे काय पाहिजे ते आधी माहीत असावं लागतं हो. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिरात (1850 सालचं आहे ते!) एक पुस्तक शोधायला जायचं आणि भलतंच घेऊन यायचं, भेळ संपली की कागद उलगडून अर्धी बातमी वाचायची आणि उरलेली अर्धी कुठल्या गिऱ्हाईकाकडे गेली म्हणून चुटपुटायचं, तसलं न ठरवता झालेलं वाचन मला पाहिजे.

मागच्या वर्षी दादाने चार दिवाळी अंक पाठवले. 45 युरोपर्यंतच्या घरगुती भेटीला इथे कर नाही, पण दादा भेट म्हणून खूण करायला विसरला, त्यामुळे मला कस्टमला बोलावणं. साहेबांनी पानं चाळली, पहिल्या दहा पानांत नुसते दागिने आणि साड्या, तर विचारतात, हा कॅटलॉग आहे का? आता त्यांना 1909 च्या ‘मनोरंजन’च्या पहिल्या दिवाळी अंकापासून कुठे सांगत बसू! म्हटलं, गोष्टी आहेत, मध्ये मध्ये.

मग कोणीतरी म्हणालं हायडेलबर्गला साउथ एशिया इन्स्टिट्यूट आहे तिथे बघ. ट्रेनने जवळच. खंडोबा आणि धनगरांचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेले गुंथर सोन्थायमर तिथे शिकवायचे. गेले तर मराठी पुस्तकं रांगेत उभी! कादंबरी शोधत होते आणि हाताला लागल्या धनगरी ओव्या. खाली बसूनच वाचल्या, दोन तास. पट्टणकोडोलीच्या धनगरांच्या यात्रेला लहानपणापासून जाणारी मी, धनगरांच्या ओव्या पहिल्यांदा वाचल्या त्या जर्मनीत, लाज वाटली थोडी.

तेव्हापासून आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या मागे लागलेय की पुस्तकांचं एक कपाट करू या. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ 2009 पासून चालू आहे, त्यांच्या पुस्तकांच्या पेट्या दुबईपर्यंत गेल्यात, आपण निदान विचारून तरी बघू. तर मीटिंगमध्ये प्रश्न आला की ठेवणार कुठे? अरे, बारा ढोल ठेवायला तळघर सापडतं ना? गणपतीला ढोल पाहिजेतच, माझं काही म्हणणं नाही, पण वर्षाचे उरलेले 355 दिवस काय ताशा वाचायचा? वर ग्रुपवर रोज कोणीतरी चोरून स्कॅन केलेले अंक टाकतं, एकदम वीस-वीस. लोक अंगठा दाखवतात, वाचत कोणी नाही, आणि ज्याने लिहिलं छापलं त्याच्या हातात दमडी नाही.

नोव्हेंबरात वहिनी येतेय. 23 किलोची एक बॅग. मी यादीतून कांदा-लसूण मसाला काढला, भाजणी काढली, काळजावर दगड ठेवून काढली, आणि लिहिलं फक्त दिवाळी अंक, कुठलेही चालतील, तुला आवडतील ते.

आत्ता तिचा मेसेज आला. “वन्सं, अंकांचं वजन लई होतंय. पीडीएफ पाठवू का?”