तारखेचे एवढे काय!

सॉफ्टवेअरचे मराठीकरण हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे असे सांगितले, की समोरचा माणूस 'संगणक' म्हणावे की 'कॉम्प्युटर' यावर माझे मत विचारतो आणि मी तोंड उघडण्याआधी स्वतःचे मत सांगून मोकळा होतो. तारखेबद्दल मात्र कोणी कधी काही विचारत नाही. कामाचा अंदाज मांडताना आमचे व्यवस्थापकही मेन्यूला इतके दिवस, सूचनांना इतके दिवस असे विचारपूर्वक लिहीत जातात आणि तारीख-वेळेपुढे 'अर्धा दिवस' असे टाकून पुढे सरकतात. "तारीखच तर आहे, आकडे सगळीकडे सारखेच," असे त्यांचे म्हणणे. तो अर्धा दिवस गेली कित्येक वर्षे चालू आहे.

भाषांतराचा मजकूर माझ्याकडे येतो तो एक्सेलच्या तक्त्यात, एका ओळीत एक तुकडा याप्रमाणे, मागचापुढचा सगळा संदर्भ तोडून. एका ओळीत नुसते 'ऑन' असते, दुसरीत नुसते 'ॲट' असते आणि शेजारी माझ्यासाठी रिकामी जागा असते. प्रोग्रॅमरने मनात इंग्रजी वाक्य धरलेले असते: आधी 'ऑन', मग तारीख, मग 'ॲट', मग वेळ. मराठीत 'रोजी' तारखेनंतर येते आणि 'वाजता' वेळेनंतर, हे सांगण्याची सोय त्या तक्त्यात नसते. त्यामुळे मी कितीही शुद्ध शब्द भरले, तरी पडद्यावर 'बैठक रोजी १५ ऑगस्ट वाजता ५.३०' असेच उमटते, आणि वाचणारे म्हणतात की हे करणाऱ्याला मराठी येत नसावे. जिथे हे काम माणसाऐवजी यंत्रावर सोपवलेले असते, तिथला आनंद आणखी वेगळा. वारांची इंग्रजी संक्षिप्त रूपे यंत्राला स्वतंत्र शब्द वाटतात, आणि म्हणून एका ॲपच्या कॅलेंडरात आठवडा 'सूर्य' या वारी सुरू होऊन 'बसला' या वारी संपताना मी पाहिला आहे. शनी पत्रिकेत कुठे बसला हे लोक पैसे देऊन विचारून घेतात. कॅलेंडरात तो फुकट बसला होता.

महिन्यांचे दुखणे जागेचे आहे. फोनच्या पडद्यावर 'फेब्रुवारी' मावत नाही म्हटल्यावर प्रोग्रॅमर प्रत्येक महिन्याची पहिली तीन अक्षरे घ्या असा हुकूम संगणकाला देतो, कारण इंग्रजीत तेवढ्याने भागते. संगणकाच्या हिशेबात मात्र काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्ताचे चिन्ह ही प्रत्येकी एक स्वतंत्र अक्षरे असतात. त्यामुळे आमच्या एका आवृत्तीत वर्ष पुढीलप्रमाणे अवतरले: जान, फेब, मार, एप्, मे, जून, जुल, ऑगस, सप्, ऑक्, नोव, डिस. 'एप्', 'सप्' आणि 'ऑक्' हे तीन महिने पाय मोडून पडलेले होते आणि 'जान' हे नाव हिंदी चित्रपटातून आल्यासारखे दिसत होते. मी हा दोष नोंदवला तेव्हा हिशेब विभागाने कळवले, की बाकीचे बदला, पण मार्चला 'मार' हे नाव आमच्या अनुभवाशी जुळते, ते राहू द्यावे.

खरे तर या गोष्टी प्रत्येकाने नव्याने ठरवण्याची गरज नाही. युनिकोड संस्थेचे सीएलडीआर नावाचे एक भांडार आहे आणि त्यात जगातल्या शेकडो भाषांचे महिने, वार, अंक आणि तारखांचे साचे नीट लिहून ठेवलेले आहेत. मराठीसाठी तिथे 'जाने', 'फेब्रु', 'एप्रि', 'सप्टें', 'नोव्हें' अशी माणसात शोभणारी रूपे आहेत आणि 'रोजी' व 'वाजता' आपापल्या जागी बसवलेला पूर्ण साचाही आहे. आलेखाखालच्या चिंचोळ्या जागेसाठी याहून लहान रूपे आहेत आणि त्यांत जून म्हणजे 'जू' व जुलै म्हणजे 'जु'. इंग्रजीत त्या जागी दोन्हीकडे 'जे' येतो, म्हणजे आपण एका उकाराने पुढेच आहोत. पण तो उकार ऱ्हस्व की दीर्घ हे मोबाइलवर तिळाएवढ्या टंकात ओळखायचे, तर पाऊस कोणत्या महिन्यात जास्त पडला हे आलेखापेक्षा खिडकीतून पाहणे सोपे.

पुढचा प्रश्न वेळ वाचून दाखवण्याचा होता. प्रोग्रॅमरने मला विचारले, "साडेतीन, साडेचार, म्हणजे तीस मिनिटे झाली की आधी 'साडे' लावायचे, एवढाच नियम ना?" मी दीड आणि अडीच यांची बाजू मांडली, तेव्हा त्याने हे अपवाद भाषेने कधीतरी काढून टाकायला हवे होते असा अभिप्राय दिला. एक दिवस चाचणीच्या फोनने सर्वांसमक्ष 'साडेदोन वाजले' असे खणखणीत आवाजात सांगितले, त्यानंतर अपवाद राहिले.

सर्वांत लांबलेली बैठक झाली ती 'एएम' आणि 'पीएम' या दोन संक्षेपांवरून. सीएलडीआरमध्ये मराठीसाठी पूर्वी 'म.पू.' आणि 'म.उ.' अशी रूपे होती, म्हणजे मध्यान्हपूर्व आणि मध्यान्होत्तर, परंतु 'प.पू.' वाचायला सरावलेल्या आपल्या लोकांना '१०.०० म.पू.' पाहून दहा वाजता कोणी महाराज येणार आहेत असे वाटण्याचाच संभव अधिक. मराठी माणूस दिवसाचे दोन तुकडे करतच नाही. तो पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र मानतो, आणि निमंत्रणपत्रिकेवर 'सायं. ५.३० वा.' असे छापून सहा वाजता निघतो. संगणकाला मात्र संध्याकाळ नेमकी कितीला सुरू होते ते हवे असते. नागपूरच्या सहकारी म्हणाल्या, की हिवाळ्यात आमच्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा पाच ही संध्याकाळच. मुंबईच्या सहकाऱ्याने सांगितले, की आमच्याकडे पाचला ऊन चांगले खिडकीत असते, संध्याकाळ सहाला धरा. दोघेही आपापल्या जागी खरे होते, कारण घड्याळ एक असले तरी नागपूरचा सूर्य मुंबईच्या सुमारे २५ मिनिटे आधी मावळतो. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाल्यावरही तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली मुंबईची वेळ १९५५ पर्यंत कशी टिकून राहिली, याचा उलगडा मला त्या बैठकीत झाला. शेवटी 'दुपारी ४' आणि 'संध्याकाळी ५' यांवर समेट झाला. साडेचारचे काय, हे विचारण्याची हिंमत कोणाला झाली नाही.

रात्रीचे त्याहून बिकट. रात्री १२ वाजून ४० मिनिटांचे विमान संगणकाच्या मते रविवारचे असते, कारण त्याचा दिवस मध्यरात्री बदलतो. आपल्या मते ती शनिवारचीच रात्र असते, आणि पंचांगही दिवस सूर्योदयापासून मोजत असल्यामुळे शास्त्राचा आधार आपल्याकडे आहे. 'रविवारी रात्री १२.४०' अशी सूचना वाचून माणूस बरोबर चोवीस तास उशिरा विमानतळावर पोहोचू शकतो. मी 'शनिवार व रविवार यांच्या मध्यरात्री' असे लिहिण्याचा आग्रह धरला, तर उत्तर आले की साच्यात एकाच वाराला जागा आहे.

अंकांची गोष्ट तर हिंदीला सोडून मराठीच्या वाट्याला आली. सीएलडीआरमध्ये मराठीचे मूळ अंक देवनागरी धरलेले आहेत आणि हिंदीचे इंग्रजी. त्यामुळे प्रोग्रॅमरने बेसावधपणे फोनच्या भाषेतच तारीख तयार केली, की हिंदी फोनवरून '१९७४' हे वर्ष इंग्रजी अंकांत जाते आणि मराठी फोनवरून देवनागरीत. सर्व्हर इंग्रजी अंकांवर वाढलेला असल्याने तो मराठी जन्मतारीख पाहून 'अवैध तारीख' असा शेरा मारतो. माझ्या तक्रारीवर हिंदीचे काम पाहणारे सहकारी दर वेळी 'माझ्याकडे चालते आहे' असे लिहीत, आणि ते खरे बोलत असल्यामुळे त्यांच्यावर रागावताही येत नसे. पडद्यावर दाखवायची तारीख आणि सर्व्हरला पाठवायची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच कळायला हवे होते. ते कळेपर्यंत आमच्या ॲपच्या दृष्टीने मराठी माणूस जन्मलेलाच नव्हता.

क्रमाचा घोळ सर्वांना ठाऊक आहे, म्हणून एकच सांगतो. २०२४ साली अमेरिकेतल्या एका परिचितांनी पाडव्याच्या ऑनलाइन गाण्यांच्या कार्यक्रमाचे निमंत्रण माझ्या आत्याला पाठवले, त्यात मजकूर मराठी आणि तारीख '४/९' अशी अमेरिकी वळणाची होती. आत्याने भिंतीवरची दिनदर्शिका उलटून पाहिली आणि उत्तर लिहिले, की गणपती ७ सप्टेंबरला बसणार आहेत, तेव्हा कार्यक्रम तीन दिवस आधी ठेवू नये. १९८८ साली निघालेल्या आयएसओ ८६०१ या मानकाप्रमाणे '२०२४-०४-०९' असे लिहिले असते तर घोटाळा टळला असता हे मला मान्य आहे. फक्त आत्याने तो गॅसचा ग्राहक क्रमांक समजून जपून ठेवला असता.

आता नवी मागणी तिथीने वाढदिवस दाखवण्याची आहे. महाशिवरात्र आपल्याकडे माघ वद्य चतुर्दशी आणि उत्तरेत तोच दिवस फाल्गुन कृष्ण चतुर्दशी, कारण आपला महिना अमावास्येला संपतो आणि त्यांचा पौर्णिमेला. तेव्हा महिन्यांची यादी एकच ठेवा असे म्हणणाऱ्यांना आधी त्यावर गप्प करावे लागले. मग टेस्टरने विचारले, की एखाद्या वर्षी तिथीचा क्षय झाला, म्हणजे ती कोणत्याच सूर्योदयाला नसली, तर शुभेच्छा कधी पाठवायच्या आणि वृद्धी होऊन दोन सूर्योदयांना असली तर दोनदा पाठवायच्या का. मी आमच्या गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, "सूर्योदयाची तिथी धरा, क्षय असेल तर ज्या दिवशी ती लागते तो दिवस घ्या." मी विचारले, "गुरुजी, सूर्योदय कुठला? आईवडील साताऱ्याला आणि मुलगा न्यू जर्सीत आहे." गुरुजी क्षणभरही न थांबता म्हणाले, "जिथे औक्षण व्हायचे तिथला."

इतकी स्पष्ट सूचना मला या व्यवसायात पूर्वी कोणी दिलेली नव्हती. मी ती शब्दशः टिकेटात, म्हणजे या कामाच्या संगणकावरील नोंदीत, उतरवली. खाली प्रोग्रॅमरने विचारले आहे, की औक्षण हे फील्ड सक्तीचे ठेवायचे की ऐच्छिक.