मरळीचा अनुशेष

आमच्या गावच्या पानठेल्यावर परवा संध्याकाळी एका परगावच्या पाहुण्याला माझी ओळख करून देण्यात आली ती अशी : "हे आमचे मास्तर. यांच्या घरी कोल्हापुराकडच्या मासोळीले काचेचा बंगला हाय, पन विदर्भाच्या मासोळीले उंबरठ्याच्या आत जागा नाही." पाहुण्याने हातातला खर्रा चोळणे थांबवून माझ्याकडे असे काही पाहिले, की मी सुपारी न घेताच घरी परतलो. ओळख करून देणारे गृहस्थ म्हणजे आमच्या शेजारचे काकाजी. त्या सन्मानाचे मूळ माझ्या बैठकीतील चार फुटी टाकीत आहे.

या टाकीत झेब्रा लोच नावाचे मासे आहेत. बोटभर लांबीचे, अंगावर बारीक उभे पट्टे, तोंडाला मिशा आणि डोळ्याखाली एक काटा, जो एरवी मिटलेला असतो, पण जाळीत घेतले की उघडतो आणि मासा, जाळी व मालक या तिघांनाही एकमेकांत अडकवतो. हा मासा सह्याद्रीतून पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांमधला, म्हणजे अस्सल पश्चिम महाराष्ट्राचा आणि त्याला लागून कर्नाटकाचा. नारायण राव यांनी 1920 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. तो एकटा ठेवला तर दगडाखालून बाहेर येत नाही, म्हणून पाच-सहांचा जथा लागतो, आणि जथा तळाशीच वावरत असल्यामुळे टाकीचा वरचा सारा भाग ओसाड दिसतो. त्या ओसाड भागात सोबती कोणते सोडावेत, एवढाच माझा प्रश्न होता.

तालुक्याच्या दुकानदाराने हा प्रश्न अर्ध्या मिनिटात निकालात काढला. "कायच्याही संगं कायबी चालते, सर," असे म्हणून त्याने मला एका दमात गोल्डफिश, फ्लॉवरहॉर्न, गप्पी आणि 'शार्क' दाखवले. गोल्डफिशला थंड पाणी मानवते, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला की टाकीत बर्फाच्या बाटल्या सोडून लोचच जेमतेम जगवावे लागतात. फ्लॉवरहॉर्न शेजाऱ्याला शेजारी न समजता जेवण समजतो. गप्पीची शेपटी लांब आणि झुलती, ती कुरतडण्याचा मोह लोचला आवरत नाही. राहता राहिला शार्क. तो शार्क नव्हेच, तर पंगास जातीच्या खाण्याच्या माशाचे पिल्लू असते. मोकळ्या पाण्यात ते मीटरभराच्या वर वाढते आणि घरच्या टाकीत भिंतींवर नाक आपटत दिवस काढते. हे सारे दुकानदाराला माहीत नसते असे नाही. माहीत असूनही तो विकतो, आणि मासा मेला की "पानी भारी हाय तुमचं" म्हणून खापर गावाच्या विहिरीवर फोडतो, याचा मला खरोखरच संताप येतो. शेवटी मी नागपूरहून झेब्रा डॅनियो मागवायचे ठरवले. वरच्या थरात सतत पळणारा, चपळ, आखूड पंखांचा, लोचच्या वाटेला न जाणारा आणि लोचनेही ज्याच्या नादी लागू नये असा तो मासा आहे.

डॅनियो यायच्या आधी काकाजी आले. हातात स्टीलचा डबा होता. काकाजींनी धरणावरच्या मच्छीमार संस्थेचा कारभार अनेक वर्षे पाहिलेला आहे आणि तरुणपणी वेगळ्या विदर्भाच्या मोर्चांत घोषणाही दिलेल्या आहेत. या दोन्ही अनुभवांचा संगम माझ्या बैठकीत व्हावा, हे माझे प्राक्तन.

"मास्तर, सारी गर्दी खाली, अन् वरचा मजला रिकामा काऊन?" त्यांनी काचेला नाक लावून विचारले. मग त्यांनी मला मत्स्यबीज सोडण्याचे शास्त्र ऐकवले : कतला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी, म्हणून तिघे एकाच तळ्यात भांडण न करता वाढतात. हे शास्त्र बिनचूक आहे आणि माझाही विचार त्याच धर्तीवर चालला होता, त्यामुळे मी भाबडेपणाने मान डोलावली. त्या मान डोलावण्याला संमती समजून काकाजींनी डबा उघडला. आत मरळीचे वीतभर पिल्लू होते.

मरळ हा शिकारी मासा आहे. तोंडात मावेल ते सारे ती गिळते, आणि तिचे तोंड फार मोठे असते. हे मी जितक्या नम्रपणे सांगता येईल तितक्या नम्रपणे सांगितले. काकाजींनी डब्याचे झाकण लावले नाही.

"ह्या तुमच्या पट्ट्यापट्ट्याच्या मासोळ्या कोन्या गावच्या?"

मी खरे ते सांगितले.

"म्हंजे पश्चिम महाराष्ट्र." ते खुर्चीत नीट बसले, तेव्हाच मला पुढचा तास दिसला. विदर्भाला मराठी राज्यात सामील करून घेताना झालेल्या 1953 च्या नागपूर करारापासून सुरुवात झाली. करारात काय कबूल केले होते आणि पदरात काय पडले, हे त्यांनी कलमवार सांगितले. मग प्रादेशिक असमतोलावरचा 1984 चा दांडेकर समितीचा अहवाल आला, सिंचनाचा अनुशेष आला, आणि त्या अनुशेषाच्या शेवटी माझी टाकी आली. विषय बदलावा म्हणून मी म्हणालो, की हा मासा आंतरराष्ट्रीय यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे, त्याला जरा जपावे लागते.

"संकटग्रस्त?" काकाजींचा आवाज प्रथमच खाली आला. "अन् कापसाले भाव नाही म्हनून इथं जे मरून राह्यले, ते कोन्या यादीत हायेत?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. कोणाकडेही नसते. पण उत्तर नसल्यामुळे मरळीने डॅनियो खाल्ले तरी चालेल, असा अर्थ निघत नाही, आणि खऱ्या दुःखाच्या आडून कोणी माझ्या टाकीत मासा घुसवू पाहत असेल तर मला राग यायचाच. तेवढ्यात भारनियमनाची वेळ झाली, पंखा थांबला आणि टाकीचा हवेचा पंप मात्र इन्व्हर्टरवर बुडबुडत राहिला. काकाजींनी तोही मुद्दा हातचा सोडला नाही.

"पाहा. याइले विजेचा पुरवठा चोवीस तास. अन् आमची मरळ पान्याबाहेर तोंड काढून हवेतून श्वास घेते, तळं आटलं तं चिखलात दम धरते, सरकारले पैशाचा खर्च नाही. तरी तिलेच बाहेर ठेवता!"

शास्त्रीयदृष्ट्या यातला शब्दन् शब्द खरा होता, हेच त्रासदायक होते. आई आतून म्हणाली, "घरी आलेल्या जीवाले परत नको पाठवू रे." अशा रीतीने मरळीची स्थापना मागच्या अंगणातील निळ्या ड्रममध्ये झाली. वर झाकण आणि झाकणावर पाटा, कारण मरळ उडी मारून बाहेर पडते आणि ओल्या जमिनीवरून सरपटत निघूनही जाते. तिच्या जेवणाची तजवीज माझ्याकडे आली; ड्रमचा मालक मी, पाणी भरणारा मी, गांडुळे खणणारा मी, आणि तरीही पानठेल्यावरची ओळख ती तशीच.

डॅनियो आले, वेगळ्या भांड्यात राहून मग टाकीत गेले आणि लोचशी त्यांचे उत्तम जमले. खाली लोच वाळू उपसतात, वर डॅनियो धावतात, कोणी कोणाच्या वाटेत येत नाही. काकाजी रोज येऊन आधी ड्रम पाहतात आणि मग टाकीसमोर बसून चहा घेतात. काल त्यांनी तडजोडीचा प्रस्ताव ठेवला. वर्षभर टाकी लोचकडेच राहू द्यावी, त्यांचा आग्रह नाही; पण नागपूर करारात जसे वर्षातून एक अधिवेशन नागपुरात घ्यायचे ठरले, तसे हिवाळ्यात निदान दोन आठवडे तरी मरळीला आत घ्यावे.

"काकाजी, दोन आठवड्यांत ती माझी सगळी टाकी खाऊन टाकील," मी म्हणालो.

"मंग?" काकाजी बशीत चहा ओतत म्हणाले. "हिवाळी अधिवेशनाले येनारे का कमी खातेत?"