‘डेटस्टाइल एकदा बदललं की झालं’ या प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा आक्षेप असा: पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये डेटाबेसचं डेटस्टाइल (तारीख दाखवायच्या आणि वाचायच्या पद्धतीचं सेटिंग) एकदा ‘आयएसओ, डीएमवाय’ (डीएमवाय म्हणजे दिवस-महिना-वर्ष) केलं की विषय संपतो, जागोजागी टू_डेट (क्रम स्पष्ट सांगून स्ट्रिंगची, म्हणजे मजकुराची, तारीख करणारं फंक्शन) लिहायला सांगून मी उगाच काम वाढवतोय. शिवाय सेटिंग बदलूनही तारीख २०२४-०७-०५ अशीच दिसते, म्हणजे ते चालतच नाही.

आधी दुसरं घेतो. सेटिंग चालतंय. त्यातला पहिला शब्द तारीख दाखवायची कशी ते ठरवतो, दुसरा आलेली तारीख वाचायची कशी ते (आयएसओ सोडून काही पद्धतींत दाखवायचा क्रमही). ‘एसक्यूएल, डीएमवाय’ करून बघा, ०५/०७/२०२४ दिसेल. साठवलेली तारीख दोन्ही वेळा तीच; आत ती नुसती दिवसांची संख्या असते.

पहिल्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. ऑल्टर डेटाबेस या कमांडने दिलेलं मूल्य फक्त नव्या कनेक्शनना लागू होतं. पूलमध्ये (पुन्हापुन्हा वापरायला उघडून ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्यात) आधीपासून उघडी असलेली कनेक्शनं जुन्याच क्रमाने, समजा एमडीवाय म्हणजे महिना-दिवस-वर्ष असं, वाचत राहतात. मग एकाच अ‍ॅपने पाठवलेली ‘०५/०७/२०२४’ ही स्ट्रिंग एका कनेक्शनवर ५ जुलै होते, दुसऱ्यावर ७ मे. एखाद्या युजरला ऑल्टर रोल या कमांडने वेगळं मूल्य दिलेलं असेल, तर डेटाबेसचं सेटिंग त्याच्यापुरतं बाजूलाच पडतं. आणि एरर येत नाही, हे सगळ्यात वाईट. १३/०७ आली तर एमडीवाय लगेच अडतं, कारण तेरावा महिना नसतो. पण वर्षातल्या १३२ तारखा अशा आहेत की दिवस-महिन्याची अदलाबदल झाली तरी त्या वैधच राहतात, फक्त चुकीच्या. औषधाची एक्सपायरी अशी सरकली तर ती कुणाच्या लक्षात येणार?

(एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचा वेगळा डेटाबेस वापरणाऱ्यांनो, त्यात भाषेचं सेटिंग ब्रिटिश असेल तर डेटटाइम कॉलममध्ये ‘२०२४-०७-०५’ सुद्धा ७ मे म्हणून जाते. तिथे ‘२०२४०७०५’ असं सलग लिहा.)

एका ठिकाणी तुमचं म्हणणं पटतं: कॉपी कमांडने सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली फाइल) भरताना. कॉपीला तारखेचा फॉरमॅट सांगता येत नाही, ती डेटस्टाइलच बघते. पण तिथेही डेटस्टाइल ट्रान्झॅक्शनच्या (एकत्रच पक्क्या होणाऱ्या कामांच्या गटाच्या) आत सेट लोकल या कमांडने बदला. कमिट झालं, म्हणजे ट्रान्झॅक्शन पक्कं झालं, की मूल्य आपोआप पूर्ववत होतं.

आणि अ‍ॅपमधून तारीख पाठवताना ती स्ट्रिंग म्हणून क्वेरीत जोडूच नका. पॅरामीटर (क्वेरीपासून वेगळं पाठवलेलं मूल्य) म्हणून तारखेचाच टाइप द्या, म्हणजे टू_डेटही लागणार नाही. आधीच भरलेला डेटा मूळ फाइलशी ताडून बघा. दिवस १२ किंवा त्याखाली असलेल्या ओळी तपासल्या तरी पुरे.