डिक्टचा वारसा घ्यायचाच, त्याशिवाय मजा नाही

समजा पायथनमध्ये तुमच्या डिक्शनरीत (म्हणजे डिक्ट, की आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्या ठेवणारा प्रकार) ईमेल आयडी कीज म्हणून येतायत आणि त्या सगळ्या स्मॉल लेटरमध्येच हव्यात. मग विचार कसला करताय, क्लास लिहा, कंसात डिक्ट टाका, सेटआयटम (चौकोनी कंसाने की टाकताना चालणारी मेथड) ओव्हरराइड करून, म्हणजे स्वतःची लिहून, आत लोअर करा, झालं काम. पायथन 2.2 पासून, म्हणजे 2001 पासून ही सोय आहे, सोडायची कशाला?

आता चौकोनी कंसाने एक की टाकून बघा. चाललं ना? इथेच थांबा आणि मर्ज करून टाका. अपडेट (एकदम अनेक कीज टाकणारी मेथड) वापरून बघायच्या भानगडीत पडू नका, कारण तो तुमच्या सेटआयटमला विचारतसुद्धा नाही, थेट सी भाषेतल्या मूळ कोडने आत शिरतो, आणि कन्स्ट्रक्टर न् सेटडिफॉल्टचंही तेच, त्यामुळे एकाच माणसाच्या दोन एन्ट्र्या, एक कॅपिटलवाली एक स्मॉलवाली, सुखाने नांदतील. गेटआयटम (चौकोनी कंसाने वाचताना चालणारी मेथड) ओव्हरराइड केलंत तर गेट त्याला ओळख दाखवत नाही. मग गेट लिहा, इनसाठी कन्टेन्स लिहा, पॉप लिहा, कॉपी तर साधी डिक्टच हातात देतो म्हणून तोही लिहा. इन्हेरिटन्सने कोड वाचतो म्हणतात, तो असा.

खरी गंमत पिकलमध्ये (ऑब्जेक्ट बाइट्समध्ये साठवून नंतर परत उभा करायची पायथनची सोय) आहे. कन्स्ट्रक्टरमध्ये लॉगसाठी एक लिस्ट बनवा आणि सेटआयटममधून तिच्यात नोंद करा. अनपिकल करताना पायथन कन्स्ट्रक्टर बोलावत नाही, पण एकेक की मात्र तुमच्याच सेटआयटममधून घालतो, तेही ती लिस्ट परत यायच्या आधी. म्हणजे तुमचा सेटआयटम हवा तिथे गायब, नको तिथे हजर, आणि ॲट्रिब्यूटएरर तुमच्या नावाने.

जावावाल्यांनी फार हसू नये, त्यांचा प्रॉपर्टीज क्लास हॅशटेबलवरूनच आलाय, फक्त स्ट्रिंग ठेवायच्या असं ठरलेलं असूनही वारशात मिळालेल्या पुटने खुशाल आकडा टाकता येतो, गेटप्रॉपर्टीने मागितलात की नल.

हां, पायथनच्याच कलेक्शन्स मॉड्यूलमध्ये युजरडिक्ट नावाचं एक प्रकरण आहे, ते डिक्ट पोटात ठेवतं आणि अपडेट, गेट सगळं तुमच्याच मेथडमधून नेतं. त्याच्या नादी अजिबात लागू नका. जेसन डम्प्स (डेटा जेसन मजकुरात बदलणारं फंक्शन) त्याला सरळ टाइपएरर देतो (ही तक्रार मात्र खरी आहे). रिव्ह्यूमध्ये कोणी विचारलंच, तर हेच कारण पुढे करा, प्रोजेक्टमध्ये जेसन नसलं तरी.