दंतचिकित्सा आणि खोलीतली हवा

2020 मध्ये बिलात पीपीईचे पैसे लागले, त्यावरून सांगलीतले माझे वर्गमित्र आणि त्यांचे पेशंट यांच्यात सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. पेशंट म्हणतात, साथीच्या नावाखाली लुटलं. डॉक्टर विचारतात, मास्क-गाऊन काय फुकट येतात? मी इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये दातांची डॉक्टर आहे. मला वाटतं, या भांडणात खोलीतल्या हवेचं कुणी नावच काढत नाही.

इंग्लंडमध्ये 25 मार्च 2020 ला नेहमीचे दंतोपचार थांबवण्याचा आदेश निघाला. 8 जूनला दवाखाने उघडले, तरी एअरोटर (दात कोरायचं, पाण्याचे तुषार उडवणारं यंत्र) चालवला की नंतर खोली तासभर रिकामी ठेवायची. पेशंट ताटकळले, काहींनी घरीच स्वतःचे दात उपटले. इथल्या व्यवस्थेचं ते मोठं अपयश होतं. एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, पेशंटला पीपीईचे वेगळे पैसे पडले नाहीत, हे मात्र चांगलं झालं.

पुढे तो तास कमी झाला, कारण प्रश्न बदलला: तासाभरात या खोलीतली हवा किती वेळा बदलते? दहा किंवा जास्त वेळा बदलत असेल, जोडीला तोंडातलं पाणी-तुषार ओढून घेणारं जोरदार सक्शन आणि रबर डॅम (दाताभोवती लावायचा रबरी पडदा) असेल, तर पंधरा-वीस मिनिटं पुरेशी ठरली. मग दवाखानेवाले हवा मोजून घेऊ लागले, एक्झॉस्ट बसवू लागले.

आपल्याकडे तेव्हा फॉगिंग (खोलीत जंतुनाशकाची फवारणी) आणि अतिनील किरणांचे निळे दिवे आले. पेशंटला दिसतं ते विकलं गेलं. एअरोटरच्या तुषारांत लाळ असते, रक्त असतं. मोठे थेंब खाली बसतात, बारीक मात्र तरंगत राहतात. ऑटोक्लेव्ह दाबाखालच्या वाफेने 134 अंशांवर हत्यारं निर्जंतुक करतो, हवेचं काही करत नाही. आणि स्प्लिट एसी? तो खोलीतली तीच हवा गार करून परत फिरवतो. काचेच्या बंद केबिनमध्ये एसी लावून काम करणारे कितीतरी दवाखाने मी सुट्टीत पाहते आणि मला काळजी वाटते. हवेतून पसरणारा क्षयरोग तर आपल्याकडे कोविडच्या आधीपासून आहे.

ज्यांच्याकडे खिडकी आहे त्यांनी ती आजपासून उघडी ठेवावी. बाजारातल्या गाळ्यात खिडकी नसते, तिथे एक्झॉस्ट फॅन बसवावा लागेल आणि दोन पेशंटमध्ये वेळ मोकळा सोडावा लागेल. तो खर्च डॉक्टरांनी बिलात उघडपणे लिहावा. तेवढे पैसे द्या, असं मी माझ्या आईबाबांना सांगेन. फॉगिंगचे मागितले तर देऊ नका म्हणेन.