‘दोन्ही वेळा चुकीच्या, वर उत्तरही चुकीचं’ या १ ताऱ्याच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तक्रार खरी आहे. ॲपमध्ये सूर्योदय १२ मिनिटं आणि सूर्यास्त ४ मिनिटं उशिरा दाखवतोय असं तुम्ही कळवलंत, आणि आमच्याकडून ‘फोनचं घड्याळ तपासा’ असं छापील उत्तर गेलं. आधी त्याबद्दल माफी मागतो. घड्याळाचा किंवा टाइमझोनचा घोळ असता, तर दोन्ही वेळा सारख्याच चुकल्या असत्या. आकडे नीट वाचले असते तरी हे कळलं असतं.

तुम्ही दोन्ही आकडे दिलेत म्हणूनच दोष सापडला. दोष दोन होते, एकमेकांत मिसळलेले. १२ आणि ४ यांची सरासरी ८. दोन्ही वेळा ८ मिनिटं एकाच बाजूला सरकल्या, म्हणजे रेखांश चुकला. एका अंशाला ४ मिनिटं या हिशेबानं ॲप तुम्हाला २ अंश पश्चिमेला धरून बसलं होतं. लोकेशनची परवानगी बंद असली की ते शेवटचं साठवलेलं ठिकाण घेतं, आणि ते जुनं आहे हे सांगतही नाही. हे फार वाईट होतं.

उरली ४ मिनिटं. तेवढा सूर्योदय उशिरा आणि सूर्यास्त लवकर, म्हणजे दिवसच ८ मिनिटांनी आखूड. हे कोनाचं लक्षण. बिंबाची वरची कड क्षितिजाला लागली की सूर्योदय मानतात. त्यासाठी डोक्यावरच्या बिंदूपासून क्षितिजापर्यंतच्या ९० अंशांत बिंबाच्या त्रिज्येच्या १६ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आणि हवेतल्या अपवर्तनाच्या, म्हणजे प्रकाश वाकण्याच्या, ३४ कला मिळवून कोन ९०.८३३ अंश घ्यावा लागतो. मागच्या अपडेटला कोड हलवताना तिथे नुसता ९० राहिला. आमच्या टेस्ट मध्यान्हाची, म्हणजे सूर्य सर्वांत वर असतानाची, वेळ तपासत होत्या. हा कोन काहीही ठेवा, मध्यान्ह जागचं हलत नाही. त्यामुळे सगळ्या टेस्ट पास!

नव्या अपडेटमध्ये दोन्ही दुरुस्त केलंय. ठिकाण जुनं असेल तर आता वेळेखाली त्याची तारीख दिसेल. समोरच्या डोंगरामुळे सूर्य आणखी उशिरा दिसतो, असंही तुम्ही लिहिलंय. त्याला मात्र आमच्याकडे इलाज नाही, गणित सपाट क्षितिजच धरतं.

अपडेट घेतल्यावर लोकेशन एकदा चालू करा. तरीही फरक राहिला तर पुन्हा दोन्ही वेळा कळवा, नुसता सूर्योदय नको. वर्गणी परत हवी असेल तर ‘मदत’मधून सांगा, लगेच देऊ.