ट्रेबेविचच्या डोंगरावरचा ट्रॅक

बोस्नियाची राजधानी सारायेव्होहून परत आल्यापासून जो भेटतो तो तिथल्या बॉबस्लेच्या, म्हणजे बर्फावरून घसरत जाणाऱ्या गाडीच्या शर्यतीच्या, ट्रॅकचे फोटो बघून म्हणतो, "काय भारी जागा आहे गं!" आहेच. झाडीतून वळणं घेत उतरणारा सिमेंटचा पन्हाळ आणि भिंतीभर रंगीत चित्रं. पण एका वळणाच्या भिंतीत मुद्दाम पाडलेली भोकं आहेत. बंदुकीसाठी. मी वाकून त्यातून पाहिलं, पलीकडे नुसती झाडं दिसली. तरी काळजात चर्र झालं.

फेब्रुवारी 1984 मध्ये इथे हिवाळी ऑलिम्पिक झालं. 49 देश आले होते. आधी बर्फच नाही म्हणून सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि मग एवढा पडला की रस्ते मोकळे करायला गावातले लोक फावडी घेऊन बाहेर पडले. युरे फ्रँकोने जायंट स्लालम या स्कीइंगच्या शर्यतीत रौप्यपदक जिंकलं. बोस्निया तेव्हा युगोस्लाव्हियात होता आणि युगोस्लाव्हियाचं हिवाळी ऑलिम्पिकमधलं ते पहिलं पदक. वुच्को नावाचा लांडगा शुभंकर होता. आजही बाजारात दुकानादुकानांत तो दिसतो.

आठ वर्षांनी युगोस्लाव्हिया फुटत असताना, एप्रिल 1992 मध्ये शहराला बोस्नियातल्या सर्ब सैन्याचा वेढा पडला. तो 1425 दिवस चालला.

लोक सहज म्हणतात, युद्धात ऑलिम्पिकच्या वास्तू पडल्या. मला हे फार अपुरं वाटतं. त्या वास्तू कामाला लावल्या गेल्या. ट्रेबेविचवरून अख्खं शहर तळहातासारखं दिसतं, म्हणून ट्रॅकच्या आसपास त्या सैन्याच्या तोफा आल्या. झेट्रा स्टेडियममध्ये टॉरव्हिल आणि डीन या जोडीने बर्फावरच्या नृत्यात सुवर्ण जिंकलं होतं. तोफांच्या माऱ्यात त्याचं छप्पर गेलं, तळघरात प्रेतं ठेवली आणि प्रेक्षकांच्या लाकडी खुर्च्यांच्या शवपेट्या झाल्या. शेजारच्या कोशेवो स्टेडियममध्ये उद्घाटन झालं होतं, त्याच्या सरावाच्या मैदानात कबरी खणल्या. मी तिथे उभी होते. पांढऱ्या दगडांच्या रांगाच रांगा. कितीतरी दगडांवर मृत्यूचं साल एकच.

आणि खेळाडू? मिर्सादा बुरिच ही बोस्नियाची धावपटू. तिला घरच्यांसह छावणीत डांबलं होतं. सुटल्यावर ती सारायेव्होच्या रस्त्यांवर, लपून गोळ्या झाडणाऱ्यांच्या टप्प्यात सराव करत राहिली आणि 1992 मध्येच बार्सिलोनात 3000 मीटर धावली. पुढच्या फेरीत गेली नाही. मला विचाराल तर त्या स्पर्धेत तिच्यासारखी लांबून आलेली दुसरी कुणी नसेल.

"देशात युद्ध चालू असताना खेळाडू कशाला पाठवायचे?" असं कुणी म्हटलं की मला मनापासून राग येतो. 5 फेब्रुवारी 1994 ला सारायेव्होच्या मार्काले बाजारात तोफगोळा पडला, 68 माणसं गेली. आठवडाभराने नॉर्वेत लिलेहामरचं ऑलिम्पिक सुरू झालं. बोस्नियाची चौघांची बॉबस्ले टीम तिथे उतरली. दोन बोस्नियाक म्हणजे बोस्नियातले मुस्लिम, एक क्रोएट, एक सर्ब. त्यांच्या गावचा ट्रॅक तेव्हा तोफांच्या ताब्यात होता. या खेळात चौघं मिळून गाडी ढकलत धावतात, एकेक करून आत उडी घेतात आणि एकमेकांना चिकटून, मान खाली घालून बसतात. पुढचा रस्ता फक्त पहिल्याला दिसतो.